स्पॅनिशमध्ये टेबलाला तंगडी असते : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी इंग्लिशमधल्या ‘लेग’ या शब्दाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की स्पॅनिशमध्ये नेताना हा साधा दिसणारा शब्द भल्याभल्यांना फसवतो. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर मी पायालाच देऊन टाकतेय. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. त्यातला ‘च’ चहातला आहे, चमच्यातला नाही, तेवढं वाचताना लक्षात असू द्या.

प्रश्न : ताई, मी पुण्यात स्पॅनिश शिकतेय, बी-वन म्हणजे मधली पातळी झालीय आणि आता इंग्लिश-स्पॅनिश ट्रान्सलेशनची छोटी छोटी कामं घ्यायला लागलेय. मागच्या आठवड्यात ‘टेबल लेग’चं मी ‘ला पिएर्ना दे ला मेसा’ केलं तर मॅडमनी लाल गोल करून ठेवला. डिक्शनरीत लेग म्हणजे पिएर्नाच दिलंय की! मग चुकलं कुठे?

उत्तर : डिक्शनरीचं काही चुकलं नाहीये गं, तू पहिल्या अर्थावर थांबलीस एवढंच. इंग्लिशमध्ये माणसाचा, कुत्र्याचा, टेबलाचा, पॅन्टचा सगळ्यांचा लेग एकच. आपल्या मराठीत पण बऱ्यापैकी तसंच आहे, टेबलाचा पाय, गाईचा पाय, बाबांचा पाय, त्यामुळे आपल्याला तिथे काही खटकतच नाही आणि नेमके तिथेच आपण पडतो. स्पॅनिश माणूस लेग म्हटलं की आधी विचारतो, कोणाचा? माणसाचा असेल तर ‘पिएर्ना’. जनावराचा किंवा फर्निचरचा असेल तर ‘पाता’. पॅन्टचा असेल तर ‘पेर्नेरा’. वाइनच्या ग्लासची दांडी असेल तर ‘पिए’, म्हणजे खरं तर पाऊल. प्रवासाचा टप्पा असेल तर पायाचा संबंधच संपला, तिथे ‘एतापा’ किंवा ‘त्रामो’. फुटबॉलमधे दोन लेगची मॅच असते ना, तिथे पहिली ‘इदा’ म्हणजे जायची आणि दुसरी ‘वुएल्ता’ म्हणजे परत यायची. आणि काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू, ज्यांना इंग्लिश पुस्तकात लेग्ज म्हणतात, त्या स्पॅनिशमध्ये ‘कातेतो’. शाळेच्या गणिताच्या पुस्तकाचं भाषांतर करायला घेतलंस आणि तिथे पिएर्ना लिहिलंस तर मुलांना काही कळणारच नाही.

तू एकटीच नाहीयेस यात. माझ्या सुरवातीच्या दिवसांत एका फर्निचर कंपनीचं असेंब्ली लीफलेट माझ्याकडे आलं होतं, टेबल घरी जोडायचं, चार पाय, आठ स्क्रू, एक ॲलन की, आणि मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पिएर्ना लिहीत गेले. तपासणाऱ्या स्पॅनिश बाईंनी रागावून वगैरे काही लिहिलं नाही, प्रत्येक ठिकाणी पिएर्ना खोडून पाता केलं आणि शेवटी एकच ओळ लिहिली, की हे वाचताना मला स्टॉकिंग्ज घातलेलं टेबल दिसतंय. ती ओळ मी आजही विसरलेले नाही. कारण भाषांतरात शब्द चुकला तर नुसता शब्द चुकत नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र उभं राहतं.

आता लक्षात कसं ठेवायचं ते सांगते, आणि इथे इंग्लिश बाजूला ठेव, मराठीच कामाला येते. आपल्याकडे ‘पाय’ आहे तशी ‘तंगडी’ पण आहे. कोणी सोफ्यावर बसून टीपॉयवर पाय ठेवले की आई काय ओरडते? “तंगड्या खाली घे!” स्पॅनिश आई पण अगदी हेच करते, टेबलावरच्या पायांना ती पिएर्नास म्हणत नाही, ‘पातास’ म्हणते. म्हणजे माणसाच्या पायाला पाता म्हटलं की ती तंगडी झाली, रागाने नाहीतर लाडाने, पण साधं बोलणं नाही ते. फरक इतकाच की टेबलाच्या आणि गाईच्या बाबतीत तोच शब्द एकदम सभ्य आहे.

दोन्ही शब्दांमागे एक मजेदार उलटापालट आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लॅटिनमध्ये ‘पेर्ना’ म्हणजे डुकराची मांडी, खायची, हॅमवाली. त्या पेर्नाचं स्पॅनिशमध्ये झालं पिएर्ना आणि ते चक्क माणसाच्या पायाचं नाव होऊन बसलं. मग हॅमला नाव काय उरलं? तर ते आणलं फ्रेंचांकडून, ‘खामोन’, फ्रेंच जांबों वरून, आणि तो जांबों आला ‘जांब’ वरून म्हणजे पायावरून. म्हणजे हॅमचा शब्द पायाला गेला आणि पायाचा शब्द हॅमला! त्याच खामोनच्या दुकानात तुला ‘पाता नेग्रा’ दिसेल, काळी तंगडी, इबेरियन डुकराच्या काळ्या खुरावरून आलेलं नाव. 2014 च्या नियमांपासून स्पेनमधे हे नाव फक्त शंभर टक्के इबेरियन जातीच्या आणि ओकची फळं खाऊन वाढलेल्या डुकराच्या खामोनलाच लावता येतं, त्याचं लेबल काळं असतं. आणि बोलताना लोक कुठल्याही अस्सल, एक नंबर गोष्टीला पाता नेग्रा म्हणून टाकतात. तुझ्याकडे कधी रेस्टॉरंटचा मेन्यू किंवा जाहिरात आली तर तिथे ब्लॅक लेग वगैरे काही करू नकोस हं.

प्रश्न : नमस्कार. आम्ही सांगलीत एकांकिका करणारी पोरं. एक छोटी इंग्लिश एकांकिका स्पॅनिशमधे करतोय, मेक्सिकोतला एक ऑनलाइन मित्र आहे तो वाचून दाखवणार आहे. त्यात ‘पुलिंग माय लेग’, ‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’, ‘ब्रेक अ लेग’, ‘ऑन इट्स लास्ट लेग्ज’, ‘नॉट अ लेग टू स्टँड ऑन’ एवढं सगळं आलंय. ॲपवर टाकलं तर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. काय करावं?

उत्तर : मित्रा, तुझ्या यादीतल्या पाचही ठिकाणी स्पॅनिशमधे पाय नाहीये. एकाही ठिकाणी नाही. म्हणून पहिलं काम हे कर की तुझ्या स्क्रिप्टमधला लेग शब्द पेन्सिलने खोड आणि समासात लिही, हे पात्र इथे नेमकं काय करतंय. चिडवतंय, कुरकुरतंय, शुभेच्छा देतंय. मग ते काम स्पॅनिश माणूस कुठल्या शब्दांनी करतो ते शोध.

पाय ओढण्यापासून सुरवात करू कारण इथे मराठी माणसाला दुहेरी खड्डा आहे. इंग्लिशमधलं लेग पुलिंग म्हणजे गंमत, फिरकी घेणं. पण मराठीत कोणी कोणाचे ‘पाय ओढतो’ तेव्हा ती गंमत नसते, वर चढणाऱ्याला खाली खेचणं असतं ते. त्यामुळे डोक्यात मराठी पाय ओढणं ठेवून तू स्पॅनिश शोधलंस तर सगळा सीनच विखारी होईल. स्पॅनिशमध्ये फिरकी घेताना पाय नाही, केस धरतात : ‘तोमार एल पेलो’. “मे एस्तास तोमांदो एल पेलो?” म्हणजे माझी फिरकी घेतोयस का? आपल्या फिरकीच्या खूप जवळ आहे, आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे कळतं, जरी अर्जेंटिनात घरगुती बोलण्यात “मे एस्तास कार्गांदो” जास्त ऐकू येईल. पण याला एक धार आहे ती बघ. दुकानदाराने फसवलं, ऑफिसने महिनाभर नुसते हेलपाटे घालायला लावले, तरी स्पॅनिश माणूस केस धरले असंच म्हणतो, आणि ‘तोमादुरा दे पेलो’ असं नाम करून तावातावाने बोलतो. इंग्लिश लेग पुलिंगमधे हा संताप नाही. त्यामुळे तुझ्या पात्राचा सूर कुठला आहे ते बघूनच वापर, सीन हलका असेल तर पुढच्या वाक्यात हसू आण म्हणजे गैरसमज होणार नाही.

किमतीचं बघ. इंग्रज एखाद्या महागड्या वस्तूसाठी हात आणि पाय देतो, स्पॅनिश माणूस डोळा देतो : ‘कोस्तार उन ओखो दे ला कारा’, तोंडावरचा एक डोळा. नाहीतर किडनी, ‘उन रिन्योन’. आपल्याकडे पण किंमत ऐकून डोळेच पांढरे होतात, तेव्हा तुला हे लक्षात ठेवायला जड जाऊ नये. आणि हा वाक्प्रचार समोर आला की मला दरवेळी ब्लास दे लेसो आठवतो. हा स्पॅनिश नौदलातला माणूस, 1704 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी वेलेस-मालागाच्या लढाईत डावा पाय गेला, 1707 मध्ये तुलाँला एक डोळा गेला, 1714 मध्ये बार्सिलोनाच्या वेढ्यात उजवा हात कायमचा निकामी झाला. तरी तो 1741 मध्ये आजच्या कोलंबियातल्या कार्ताखेना शहरात उभा राहिला आणि व्हर्नन नावाच्या इंग्लिश ॲडमिरलचं प्रचंड आरमार त्याने परत पाठवलं. त्याच वर्षी तिथेच वारला. हात, पाय आणि डोळा, म्हणजे इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही म्हणींची किंमत त्याने एकट्याने मोजली. त्याचं टोपणनाव होतं ‘पातापालो’, लाकडी तंगडी. बघ, इथे माणसाच्या पायाला पिएर्ना नाही तर पाता आलंय, कारण लाकडाचा पाय हा टेबलाच्या पायाचाच भाऊबंद.

आता ब्रेक अ लेग, म्हणजे प्रयोगाआधीच्या शुभेच्छा. थिएटरवाला आहेस म्हणून स्पष्ट सांगते, स्पॅनिश रंगमंचावर पडद्याआड एकमेकांना ‘मुचा मिएर्दा’ म्हणतात आणि त्याचा अर्थ आहे भरपूर शेण, शेणापेक्षा जरा खालचाच शब्द आहे तो. यामागची गोष्ट अशी सांगतात की पूर्वी प्रेक्षक घोडागाड्यांनी यायचे, तेव्हा थिएटरबाहेर जितकी लीद जास्त तितकं हाउस फुल्ल. फ्रेंच नटमंडळी पण ‘मेर्द’ म्हणतात, म्हणजे शब्द तोच. डब केलेल्या इंग्लिश सिनेमात तुला ‘रोम्पेते उना पिएर्ना’ ऐकू येईल, पाय मोड असं शब्दशः, पण नाटकवाल्यांच्या तोंडचं ते नाही, आणि तुझी एकांकिका नाटकवाल्यांबद्दल असेल तर तिथे मुचा मिएर्दाच हवं. मात्र घरचे, शाळेचे प्रेक्षक असतील आणि पात्र साधं कोणाला परीक्षेसाठी शुभेच्छा देत असेल तर ‘मुचा सुएर्ते’ पुरे.

लास्ट लेग्जला ‘एस्तार एन लास उल्तिमास’. शेवटच्या... आणि पुढे नामच नाही, नुसतंच शेवटच्यांवर. आपण शेवटच्या घटका मोजतो तसं. माणसालाही चालतं, जुन्या स्कूटरलाही चालतं.

पाचवा वाक्प्रचार खरा कठीण. उभं राहायला पायच नाही, म्हणजे मुद्दा लंगडा. स्पेनच्या पुस्तकात तुला ‘नो आय पोर दोंदे कोखेर्लो’ सापडेल, कुठून धरावं तेच कळत नाही अशा अर्थाचं. तुझा मित्र मेक्सिकोचा आहे ना, मग हे अजिबात लिहू नकोस! ‘कोखेर’ हे क्रियापद स्पेनमधे पकडणं, घेणं, बस पकडणं इतकं साधं आहे, पण मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात ते शरीरसंबंधाचं अश्लील क्रियापद आहे, सगळा प्रेक्षागृह हसेल आणि चुकीच्या कारणाने हसेल. त्याऐवजी ‘नो से सोस्तिएने’, मुद्दा टिकत नाही, उभा राहत नाही. ही सगळीकडे चालते आणि उभं राहण्याची कल्पना पण शिल्लक राहते. आणि समोरच्याचं बोलणं नुसतं कमजोर नसून अगदीच असंबद्ध असेल तर ‘नो तिएने नि पिएस नि काबेसा’, ना पाय ना डोकं. आपलं शेंडा ना बुडखा. हे मला इतकं आवडतं की मी संधी शोधत असते वापरायला.

प्रश्न : मी मूळची नागपूरची, टेक्सासमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. निम्मे पेशंट्स स्पॅनिश बोलणारे. इंटरप्रिटर दरवेळी मिळत नाही आणि मिळाला तरी मला स्वतःला दोन शब्द बोलता यावेत असं फार वाटतं. पायाच्या दुखण्याबद्दल पेशंट जे बोलतात त्यातलं निम्मं माझ्या क्लासच्या पुस्तकात नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण इथे भाषा बरोबर असणं ही हौस नाही, कोणाच्या तरी दुखण्याचा प्रश्न आहे. आणि तुम्हाला एक चांगली बातमी देते, इंग्लिशमधून स्पॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा तुम्ही नागपूरची मराठी मनात ठेवून बोललात तर तुम्हाला सोपं जाईल.

पहिलं उदाहरण घ्या. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला काय होतं? इंग्लिशमध्ये टाचण्या आणि सुया टोचतात. मराठीत मुंग्या येतात. स्पॅनिशमध्ये काय येतं? मुंग्याच! मुंगी म्हणजे ‘ओर्मिगा’ आणि पायाला येतो तो ‘ओर्मिगेओ’. पेशंट “सिएन्तो ओर्मिगेओ एन ला पिएर्ना” म्हणाला की ते शब्दाला शब्द “पायाला मुंग्या येतायत” असं आहे. मधुमेहाचे, पाठीची नस दाबलेले पेशंट तुमच्याकडे हा शब्द दिवसातून दहा वेळा बोलत असतील. ज्याने हे सुया-टाचण्यांतून शिकलंय त्याला पाठ करावं लागतं, तुम्हाला फक्त आठवायचं आहे. आणि पाय बधिर झाला, झोपला, तर “से मे दुर्मियो ला पिएर्ना”, म्हणजे माझा पाय झोपला. इथे बघा, ‘माझा’ हा शब्द नाहीच. स्पॅनिशमध्ये शरीराच्या भागाला माझा-तुझा लावत नाहीत, ‘मला’ लावतात : “मे दुएले ला पिएर्ना”, मला पाय दुखतो अशी रचना. मराठीत आपण माझा पाय दुखतो म्हणतो खरं, पण मला आवडतं, मला लागलं, मला भूक लागली ही सगळी आपलीच चाल आहे की, ‘मे गुस्ता’ म्हणजे थेट मला आवडतं. इंग्लिश माणूस याच रचनेवर वर्ष वर्ष अडखळतो. “मे रोम्पी ला पिएर्ना” हे ऐकून तुमच्या अमेरिकन कलिगला वाटेल पेशंटने स्वतःहून पाय मोडून घेतला, तुम्हाला नाही वाटणार, आपण पण पाय मोडला म्हणतो आणि विषय संपतो.

पोटरीत गोळा येतो त्याला सगळीकडे कळणारा शब्द ‘कालाम्ब्रे’, आणि मेक्सिकन पेशंट “से मे आकालाम्ब्रो ला पिएर्ना” म्हणेल. स्पेनमधला माणूस बोलीत म्हणतो ‘से मे आ सुबिदो ला बोला’, गोळा वर चढला. गोळाच.

आता जपायच्या दोन-तीन जागा. पिएर्ना हा शब्द घरगुती बोलण्यात कमरेपासून खालचा सगळा पाय, पण डॉक्टरी स्पॅनिशमध्ये पिएर्ना म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग, अख्ख्या पायाला ‘मिएम्ब्रो इन्फेरिओर’. इंग्लिश ॲनाटॉमीत पण लेग असंच आहे हे तुम्हाला माहितीच असेल, तेव्हा रिपोर्ट वाचताना तोच नियम लावा, पण पेशंट बोलत असताना लावू नका. त्याला विचारा, हात ठेवून दाखवा. मांडी ‘मुस्लो’, पोटरी ‘पान्तोर्रिया’, घोटा ‘तोबियो’, नडगी ‘एस्पिनिया’. पण एस्पिनिया म्हणजे चेहऱ्यावरची पुटकुळी, ब्लॅकहेड पण! सतरा वर्षांचा मुलगा एस्पिनियाची तक्रार करत असेल तर आधी त्याचं बोट कुठे आहे बघा. आणि पेशंटच्या पायाला चुकूनही पाता म्हणू नका, वरच्या उत्तरात सांगितलंय तसं ती तंगडी होते. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी म्हाताऱ्या माणसाला ते लागेल.

वजन उचलणारी तरुण मुलं येत असतील तर ती म्हणतील “ओय तोका पिएर्ना”, आज पाय आहे. दोन पाय असले तरी एकवचन, जिममधलं.

आणि पाय मोकळे करून या असं सांगायचं असेल तर ‘एस्तिरार लास पिएर्नास’, अनेकवचन, पिएर्नास. हे मी मुद्दाम ठळक सांगतेय कारण ‘एस्तिरार ला पाता’ म्हणजे मरणं, आणि तेही आपल्या ‘गचकला’ सारखं. मागे एका ज्येष्ठांच्या बस-सहलीचं पत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं, मूळ इंग्लिशमध्ये दर दोन तासांनी पाय मोकळे करायला गाडी थांबेल असं होतं आणि भाषांतर करणाऱ्याने फर्निचरचा नियम ऐकून प्रत्येक लेगचं पाता करून ठेवलेलं. छापायच्या आदल्या संध्याकाळी ते हातात आलं. सत्तरी ओलांडलेल्या लोकांच्या हातात ते पत्रक पडलं असतं या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं.

प्रश्न : मिस्टरांच्या कामामुळे आम्ही माद्रिदला आलोय. चिकनच्या दुकानात ‘पिएर्ना दे पोयो’ मागितलं तर काकांनी दोन-तीनदा विचारलं, वर काय काय दाखवलं. लेग पीस हवे असतील तर काय म्हणायचं? आणि पाया सूप करायला मटणाचे पाय मिळतात का, काय नावाने?

उत्तर : स्पेनमधे तंगडीचा खालचा दांडीवाला भाग ‘मुस्लो’ आणि वरचा मांडीचा भाग ‘कोन्त्रामुस्लो’. नुसत्या दांड्या हव्या असतील तर बऱ्याच ठिकाणी ‘खामोन्सितो’ पण म्हणतात, छोटं हॅम, बिर्याणीत घालायला तेच सांगा. गोंधळ होतो तो का, तर मेक्सिकोत दांडीला पिएर्ना आणि वरच्या भागाला मुस्लो म्हणतात, अर्जेंटिनात दांडीला पाता आणि वरचा मुस्लो, तेव्हा युट्यूबवर रेसिपी बघताना ती बाई कुठल्या देशातली आहे ते आधी बघा नाहीतर मसाला एका भागाचा आणि चिकन दुसऱ्याच. मला स्वतःला अर्जेंटिनावाल्यांचं आवडतं, कारण ते आपल्यासारखंच तंगडीला तंगडी म्हणतात. मात्र कोकराची अख्खी तंगडी हवी असेल तर तिथे ‘पिएर्ना दे कोर्देरो’ अगदी बरोबर आहे, जनावर असूनही पिएर्ना. भाषेत असे दोन-चार हट्ट असतातच, ते तसेच पाठ करायचे.

पाया करायला ‘मानितास’ मागा. मानो म्हणजे हात, मानितास म्हणजे छोटे छोटे हात! ‘मानितास दे कोर्देरो’ म्हणजे कोकराचे पाये, ‘मानितास दे सेर्दो’ म्हणजे डुकराचे, आणि स्पेनमधे ही दुसरीच जास्त दिसतात म्हणून कोर्देरो शब्द स्पष्ट उच्चारा.

प्रश्न : मी मडगावचा, वय 81. शाळेत पोर्तुगीज शिकलो. आमच्या पोर्तुगीजमध्ये टेबलाला ‘पेर्ना’ चालतो. मग शेजारच्या स्पॅनिशला काय झालं?

उत्तर : काका, तुमचं बरोबर आहे, ‘पेर्ना दा मेझा’ पोर्तुगीजमध्ये चालतं, लॅटिन पेर्ना तुमच्याकडेच कमी बदललेला राहिलाय. म्हणून पोर्तुगीज येणाऱ्यांची स्पॅनिशमध्ये नेमकी हीच चूक होते. शेजारीण असली तरी घर वेगळं. तुम्ही नातीला स्पॅनिश शिकवताय असं लिहिलंय, तर तिला टेबलाजवळ उभं करून हात लावून ‘पाता’ म्हणायला लावा.

प्रश्न : स्पॅनिशमध्ये पायावरचे मराठीसारखे वाक्प्रचार आहेत का? मी कोल्हापुरात पाचवी-सहावीच्या मुलांचा स्पॅनिशचा वर्ग घेते, मुलांना दोन्ही बाजूंनी मजा येईल असं काही सांगा.

उत्तर : भरपूर आहेत, आणि मला हेच पत्र सगळ्यात जास्त आवडलं. ज्याच्या पायाला भिंगरी लागलीय, घरात ठरत नाही, त्याला मेक्सिकोत म्हणतात ‘पाता दे पेर्रो’, कुत्र्याची तंगडी. मुलांना सांगा, गल्लीतला कुत्रा दिवसभर कुठे कुठे जाऊन येतो ते. गाव पायी पालथं घालणं, पायपीट करणं याला ‘पातेआर्से’, त्याच पातावरून. शेपूट घालून पळणाऱ्याला स्पेनमधे ‘कोन एल राबो एन्त्रे लास पिएर्नास’ म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत ‘कोन ला कोला एन्त्रे लास पातास’, दोन्हीत शेपूट पायांत घातलेलं आहे, फक्त स्पेनच्या कुत्र्याला माणसाचे पाय दिलेत, हा फरक हुशार मुलं स्वतः पकडतील, त्यांना पकडू द्या. बोलून घोळ घालणं, नको तिथे नको ते बोलून बसणं म्हणजे ‘मेतेर ला पाता’, तंगडी घालणं. तंगड्या पसरून ढाराढूर झोपणं म्हणजे ‘दोर्मिर आ पिएर्ना सुएल्ता’, पाय मोकळा सोडून. घर उलटंपालटं पडलं असेल तर ‘पातास आरिबा’, तंगड्या वर. आणि पेरूमध्ये जिवलग दोस्ताला ‘मि पाता’ म्हणतात, हे ऐकून मुलं दिवसभर एकमेकांना तेच म्हणत फिरतील याची तयारी ठेवा!

तुमच्या पत्रात ‘लेग बिफोर विकेट’चं स्पॅनिश काय असंही एका मुलाने विचारल्याचं लिहिलंय. त्याला सांगा की तिकडे गल्लीत क्रिकेट नाही, म्हणून घासून गुळगुळीत झालेला शब्दही नाही, आणि आपल्याकडे ‘पायचीत’ आहे. इंग्लिशमधले तीनही शब्द सोडून कुस्तीतला ‘चीत’ उचलला आणि पायाला जोडला, एका शब्दात कोण पडलं आणि कशामुळे पडलं दोन्ही आलं. कोल्हापूरच्या पोराला ‘चीत’ समजावून सांगायची गरज नाही. भाषांतर कसं असावं हे मला कोणी विचारलं की मी हाच शब्द सांगते.

वर्गात बाकं बाजूला सारायला जागा असेल तर एक खेळ घ्या. मुलांना लंगडी घालायला लावा आणि मोठ्याने म्हणू द्या : “आ ला पाता कोखा!” स्पेनमधली पोरं एका पायावर उड्या मारताना हेच म्हणतात, कोखा म्हणजे लंगडी. इथे पण पाय माणसाचाच आहे आणि तरी पिएर्ना नाही, पाता आहे. का, ते त्यांना विचारा आणि लगेच सांगू नका.